आतल्या भिंतींच्या डागडुजीला नेमकं काय भरायचं : पुट्टी, पीओपी, क्रॅक फिलर की साधं सिमेंट?

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. आरसीसी चौकट, विटांच्या भिंती, सिमेंटचा गिलावा, वर ऑइल-बाउंड डिस्टेंपर. बांधकाम पंधरा वर्षांचं. मे अखेरीस घरात कार्य आहे, त्याआधी भिंती दुरुस्त करून रंग द्यायचाय. आत्ता एप्रिलचा पहिला आठवडा आहे, म्हणजे वेळ तसा आहे.

भिंतींची अवस्था अशी :

खिळ्यांची आणि गिट्ट्यांची (स्क्रू धरायला भिंतीत ठोकतात त्या) पंचवीस-तीस भोकं. हॉलमध्ये बीमच्या खालच्या कडेला आडवी, सरळ भेग, साधारण १२ फूट लांब, १ मिमीच्या आसपास. एका खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी केसभेग. नव्या वायरिंगसाठी मारलेली उभी खाच, ३ मीटर लांब, ४० मिमी रुंद, ४० मिमी खोल, आत २५ मिमीचा पाइप. आणि बाथरूमच्या मागच्या बेडरूमच्या भिंतीवर २ बाय ३ फुटांचा तुकडा, जो ठोकला की पोकळ वाजतो आणि ज्यावर पांढरी भुकटी येते.

दुकानदार म्हणतो, पांढरं सिमेंट आणि पीओपी निम्मं-निम्मं कालवा आणि सगळीकडं तेच भरा. रंगारी म्हणतो, पुट्टीची एक पिशवी आणा, सगळं त्यातच होतंय. कुणाचं ऐकावं?

थापी_रंधा

दोघांचंही नको.

दुकानदाराचा सल्ला आधी बाजूला काढा. पीओपी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, भाजलेलं जिप्सम, कॅल्शियम सल्फेट. सिमेंट कारखान्यातही थोडं जिप्सम घालतात, पण ते नेमक्या प्रमाणात, सिमेंट फार लवकर आवळू नये म्हणून. निम्मं-निम्मं केलं की हिशेबच बिघडतो. एक तर घमेल्यातच माल पाच-सात मिनिटांत घट्ट होतो, मग लोक त्यात पुन्हा पाणी घालून ढवळतात आणि त्याची उरलीसुरली ताकद घालवतात. दुसरं म्हणजे पुढं कधी ओल लागली की सल्फेट आणि सिमेंटातलं अ‍ॅल्युमिनेट यांचे एट्रिंजाइट नावाचे स्फटिक तयार होतात. त्यांना जास्त जागा लागते, म्हणून ठिगळ फुगतं आणि कडेनं सुटतं. कोरड्या भिंतीवर हे मिश्रण वर्षानुवर्षं टिकलेलंही दिसेल, म्हणून तर दुकानदार ठामपणे सांगतो. तुमच्या बाथरूममागच्या भिंतीवर टिकणार नाही.

रंगाऱ्याची अडचण वेगळी. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी ही वरून ओढायचा पातळ थर आहे. दोन हात (थर) मिळून दीड मिमीच्या वर जायचं नसतं. ४० मिमीच्या खाचेत ती कोंबली तर वरचा पापुद्रा वाळतो, आतलं ओलंच राहतं, मग आकसून मधोमध चीर पडते.

भरायला काय घ्यायचं ते खोलीवर ठरतं. दीड मिमीपर्यंत पुट्टी. त्यापुढं ५ मिमीपर्यंतच्या भेगेला तयार क्रॅक फिलिंग पेस्ट, तीही डब्यावर किती मिमीची मर्यादा दिली आहे ते वाचून. त्याहून खोल असेल तिथं सिमेंट-वाळूचा माल. पण खोली हा झाला पहिला प्रश्न. भेग हलती आहे का, भिंतीत ओल आहे का आणि खाली धरायला काय आहे (उघडा गिलावा, जुना रंग की चुना), हे तीन प्रश्न सुटल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

आता वायरिंगची खाच. ब्रशनं धूळ काढा, विटा पाणी पिऊन शांत होईपर्यंत भिजवा. पाइप दर दोन फुटांवर हुकांनी घट्ट बांधलेला हवा. सैल पाइप आत हलतो आणि खाचेची रेघ रंगावर उमटते. पाइपच्या पुढच्या कडेपासून भिंतीच्या तोंडापर्यंत निदान १२ मिमी माल यायला हवा. तुमच्याकडं १५ मिमी मिळतोय, ठीक आहे. खाचेच्या दोन्ही बाजूंचा दोन-दोन इंच गिलावा विटेपर्यंत उतरवा, खाच आधी विटेच्या पातळीपर्यंत भरा, तिच्यावर कोंबडी जाळी ताणून खिळ्यांनी बसवा आणि मग १:४ मालानं (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) वरचा थर चढवा.

हिशेब : खाचेतून पाइप वजा जाता साडेतीन लिटरच्या आत माल लागतो, जाळीसाठी उतरवलेल्या पट्ट्यांना आणखी तेवढाच. म्हणजे ओला माल ७ लिटर. कोरडं सामान त्याच्या सव्वा ते दीडपट धरायचं : पावणेतीन किलो सिमेंट आणि साडेसात लिटर वाळू.

पोकळ तुकड्याला साधारण सव्वाचार किलो सिमेंट आणि साडेअकरा लिटर वाळू लागेल, चारही बाजूंना दोन इंच जादा कापणं आणि १५ मिमी जाडी धरून. सांडलवंड धरून दोन्ही कामांना मिळून ७-८ किलो सिमेंट पुरे. सुटं घेताना हात घालून बघा, खडे लागले तर ते सिमेंट ओल खाल्लेलं आहे. वाळू चाळून घ्या. तिच्यात माती किती ते बघायला काचेच्या बरणीत वाळू आणि मीठ घातलेलं पाणी हलवून तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर एकूण उंचीच्या आठ टक्क्यांहून जास्त दिसला तर ती गिलाव्याला वापरू नका. क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) घेणार असाल तर गिलाव्याची वेगळी मिळते, काँक्रीटची जाड असते.

पोकळ तुकडा पुट्टीनं झाकण्यात अर्थ नाही. नाण्यानं किंवा थापीच्या दांड्यानं वाजवत जा, बद्द आवाज जिथं थांबतो तिथं खडूची खूण करा आणि खुणेच्या बाहेर आणखी दोन इंच चौकोनी कापा. कडा तिरक्या आणि पातळ ठेवू नका, सरळ नव्वद अंशात कापा, जमलं तर आतून किंचित रुंद. विटेवर टाचे (छिन्नीचे छोटे घाव) मारा, सांधे १० मिमी खरवडा, पाणी मारा. मग एसबीआर लॅटेक्स (माल धरून ठेवणारं दुधासारखं रबरी द्रव) आणि पाणी सारखंच घेऊन त्यात ताकासारखं ओतता येईल इतकं सिमेंट कालवा आणि ब्रशनं लावा. ते चिकट असतानाच माल चढवायचा. वाळलं की ते चिकटवायचं सोडून उलट सुटं करतं, तेव्हा पुन्हा ओलं लावावं लागतं. मालात ५ किलो सिमेंटला १ किलो लॅटेक्स. हे पातळ दूध मालातलं पाणी कमी करून त्या जागी घालायचं, वरून जास्तीचं नाही. ठिगळ आजूबाजूच्या पातळीपेक्षा १ मिमी खाली ठेवा, पुट्टीला जागा राहते.

पण हा तुकडा इतक्यात भरू नका. आधी ओलीचं बघा.

जुळेसोलापूरकर

ओलीचं कसं बघायचं? बाथरूमच्या फरश्या तर शाबूत दिसतात. आणि बोअरचं पाणी चालेल का? नळाचं रोज येत नाही.

थापी_रंधा

पोकळ तुकड्याशेजारच्या शाबूत भिंतीवर दीड बाय दीड फुटाचा पारदर्शक प्लॅस्टिक कागद चारही कडांनी चिकटपट्टीनं हवाबंद चिकटवा. एक दिवस ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडं, थेंब जमले किंवा भिंतीचा रंग गडद झाला तर ओल भिंतीतून येतेय. सध्या बाहेर इतकं कोरडं आहे की उघडी भिंत वरून कोरडीच भासेल, म्हणून हात लावून ठरवू नका.

फरश्या शाबूत असल्या तरी पाणी सांध्यातून, नहाणी ट्रॅपच्या कडेनं आणि नळाच्या एल्बोतून जातं. नळ बंद ठेवून रात्रभर मीटरचा आकडा हलतो का ते बघा. हलला तर पाइप गळतोय. नाही हलला तर फरशीचे सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरा आणि ट्रॅपची कड नीट करा. पांढरी भुकटी कोरड्या ब्रशनं झाडून सुपलीत भरून फेका. धुतली तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात आणि महिन्यानं परत वर येतात. भिंत आठ-पंधरा दिवस उघडी राहू द्या, आपल्याकडच्या उन्हाळ्यात चांगली वाळते.

बोअरचं पाणी नको. आपल्याकडं बऱ्याच बोअरला क्षार जास्त. तोच क्षार मालात गेला की लोणा, म्हणजे ती पांढरी भुकटी, तुम्ही स्वतःच भरलात. नळाला पाणी येईल त्या दिवशी दोन पिंपं भरून ठेवा, एवढ्या कामाला बक्कळ होतं.

पट्टी_पॉलिशपेपर

वरच्या गिलाव्याच्या सल्ल्याशी सहमत. पुट्टीबद्दल मात्र एक मोठी गोष्ट राहिली.

तुमच्या भिंतीवर डिस्टेंपर आहे. पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीला खाली पाणी शोषणारा, सिमेंटचा उघडा पृष्ठभाग लागतो. जुन्या रंगावर ती धरत नाही, वाळल्यावर पत्र्यासारखी सुटते. त्यामुळं तुमच्या घरात दोन पुट्ट्या लागतील. नव्या ठिगळांवर सिमेंट पुट्टी, बाकीच्या रंगवलेल्या भिंतीवर अ‍ॅक्रिलिक पुट्टी, जी डब्यात किंवा पाऊचमध्ये तयार लगदा म्हणून मिळते. अ‍ॅक्रिलिक घोटायला सोपी आणि जुन्या रंगावर धरते, पण ओलीला नाजूक. बाथरूममागच्या भिंतीवर आणि स्वयंपाकघरात ओट्याच्या मागं ती वापरू नका.

जुना रंग ठेवायचा की काढायचा, हे असं ठरवा : ओलं बोट घासा, बोटाला रंग लागला तर तो थर खरवडा. बोट कोरडं राहिलं तर ब्लेडनं बारीक जाळी कापून वर चिकटपट्टी दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंगाचे चौकोन आले तर खरवडायलाच लागतं. दोन्ही चाचण्यांत पास झाला तर १०० किंवा १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं खरखरीत करून पुढं जा.

खालच्या थरात जुना ऑइल पेंट निघाला तर कोरडं घासू नका. घरगुती रंगातल्या शिशाची ९० पीपीएमची मर्यादा भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. पाणी लावून वॉटर पेपरनं घासा, एन-९५ मास्क लावा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीत येऊ देऊ नका.

भोकांबद्दल. गिट्टी ओढून काढा, नाही निघाली तर ५ मिमी आत ठोका. नुसती रंगात लपवली तर ती कधी ना कधी डोकं वर काढते. भोकाच्या तोंडाची उचललेली कड चाकूनं कापून टाका. पाण्याचा फवारा, मग अ‍ॅक्रिलिक पुट्टी दोनदा. पहिला हात किंचित आत ठेवायचा, पाच-सहा तासांनी दुसरा हात किंचित वर. एकदाच भरलं तर वाळताना खळगा पडतो आणि रंगानंतर तो ठळक दिसतो.

सेंटीमीटरपेक्षा खोल भोक असेल आणि भिंत पक्की कोरडी असेल तर नुसतं पीओपी भरायला माझी हरकत नाही. ते आकसत नाही, उलट आवळताना किंचित फुगून भोकात घट्ट बसतं. पाण्यात पावडर सोडायची, पावडरीत पाणी नाही. १० भाग पावडरीला ६-७ भाग पाणी, वजनानं. दहा-पंधरा मिनिटांत आवळतं, म्हणून एका वेळी वाटीभरच कालवा. घट्ट व्हायला लागलेलं पुन्हा पाणी घालून वापरू नका. आणि भोकात लोखंडी खिळ्याचं टोक राहिलं असेल तर आधी त्याला रेड ऑक्साइड लावा. पीओपीच्या ओलसरपणात लोखंड गंजतं आणि पिवळा-तांबडा डाग इमल्शनमधून वर येतो, कितीही हात मारा.

सिमेंट पुट्टीचं प्रमाण : १ किलोला ३६० ते ३८० मिली पाणी. दहा मिनिटं घोटा, दहा मिनिटं ठेवा, पुन्हा घोटा. दोन-अडीच तासांत संपवा. एप्रिल-मेमध्ये दुपारी तेवढाही वेळ मिळत नाही, म्हणून एका वेळी २-३ किलोच कालवा. ठिगळ आधी ओलं करा, पंखा बंद ठेवा, उन्हाच्या बाजूची खिडकी लावून घ्या. कोरड्या, तापलेल्या भिंतीवर ओढली की सिमेंटला लागणारं पाणी भिंत आणि हवा मिळून पिऊन टाकतात. मग हात फिरवला की पीठ निघतं आणि लोक पिशवीला शिव्या देतात. पहाटे सहा ते दहा हीच वेळ चांगली.

सिमेंट पुट्टी दुसऱ्याच दिवशी घासा. आठवडाभर ठेवली तर दगड होते. अ‍ॅक्रिलिक कधीही घासता येते. आधी १८० नंबर, शेवटी ३२०. धूळ ओल्या फडक्यानं पुसल्याशिवाय प्रायमर लावू नका.

अंदाज : १० बाय १२ च्या खोलीत, दहा फूट उंची, दार-खिडक्या वजा जाता ३९० चौरस फूट भिंत निघते. उघड्या, सरळ गिलाव्यावर सिमेंट पुट्टीचे दोन हात १ किलोत २० चौरस फुटांच्या आसपास जातात, म्हणजे खोलीला २० किलो. खडबडीत भिंतीवर ३० सुद्धा कमी पडतील. पण तुम्हाला अख्खी भिंत ओढायची गरजच नाही. ठिगळांना सिमेंट पुट्टी ५ किलो आणि भोकं-खरचट्यांना अ‍ॅक्रिलिक ५ किलो, एवढं आधी आणा, कमी पडलं तर दुकान काही पळून जात नाही.

रंगाऱ्यानं चॉक पावडर आणि अळशीच्या तेलाची घरगुती लांबी करायचं काढलं तर ती दारं-खिडक्यांच्या लाकडापुरती ठेवा. गिलाव्यातला अल्कली तेलाला खातो, थर मऊ पडतो आणि पिवळा दिसतो.

काळी_माती

भेगांबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

प्रश्नकर्त्यांना दोन प्रश्न. तुमच्या फ्लॅटवर थेट गच्ची आहे का? आणि खिडकीजवळची तिरकी भेग भिंतीच्या दुसऱ्या बाजूलाही दिसते का?

जुळेसोलापूरकर

हो, वर गच्चीच आहे, आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. तिरकी भेग बाहेरून दिसत नाही. आत जेमतेम फूटभर आहे, नखाला लागते इतकीच. दारं-खिडक्या नीट लागतात.

काळी_माती

मग तिरकी भेग गिलाव्यापुरती धरा. चाकूनं इंग्रजी व्ही आकारात ३-४ मिमी उघडा, धूळ काढा, पातळ केलेला प्रायमर आत सोडा, क्रॅक फिलिंग पेस्ट दोनदा भरा. वर ५० मिमी रुंद फायबर जाळीची पट्टी लावून अ‍ॅक्रिलिक पुट्टी दोन्ही बाजूंना आठ-दहा इंच पातळ करत ओढा. प्रायमरनंतर जाळीचा उंचवटा दिसला तर आणखी रुंद ओढा, जाड नाही.

हॉलमधली आडवी भेग वेगळ्या जातीची आहे. बीम काँक्रीटचा, भिंत विटांची. वर गच्चीचा स्लॅब सोलापूरच्या उन्हात दिवसभर तापतो, रात्री निवतो, रोज थोडा लांबतो आणि आकसतो. खालची भिंत तेवढी हलत नाही. तो फरक या सांध्यावर फुटतो. इथं सिमेंट, पुट्टी, पीओपी, काहीही कडक भरलं तरी पुढच्या उन्हाळ्यात रेघ परत येणार. भरणा खराब नसतो, जागाच हलती असते.

पर्याय तीन आहेत.

पक्का पण धुळीचा : सांध्याच्या वर-खाली सहा-सहा इंच गिलावा काढून एक फूट रुंद कोंबडी जाळी दोन्हीकडं खिळ्यांनी घट्ट ताणायची आणि १:४ मालानं पुन्हा गिलावा करायचा. जाळी हालचाल थांबवत नाही, पण एका रेघेत येणारा ताण फूटभर रुंदीत वाटून देते. बांधतानाच हे करायचं असतं.

मधला : सांध्यावर १० मिमी रुंद, ६ मिमी खोल खाच कटरनं सरळ मारा. खाचेच्या तळाला मास्किंग टेपची पट्टी चिकटवा, म्हणजे सीलंट फक्त दोन बाजूंना धरेल. तीन बाजूंना चिकटलेलं सीलंट ताणलं जात नाही, फाटतं. मग रंगवता येणारं अ‍ॅक्रिलिक सीलंट भरा. तुमच्या १२ फुटांना २२० मिलीच्या आसपास लागेल, ३०० मिलीची एक नळी बास. सिलिकॉन घेऊ नका, त्यावर रंग धरत नाही. आणि सीलंटवर पुट्टी ओढू नका, थेट प्रायमर आणि रंग. पुट्टी ओढलीत तर खाली रबर ताणलं जाणार आणि वरच्या पुट्टीला पुन्हा केसभेग.

तिसरा : तीच खाच सरळ, नेटकी मारून उघडी ठेवा आणि आतून रंगवा. कड सरळ असेल तर ती मुद्दाम ठेवलेली रेघ वाटते, आणि भेग पडली तरी खाचेच्या तळाशी पडते, दिसत नाही. मला हाच आवडतो.

यासोबत गच्चीवर पांढरा परावर्तक लेप मारून घ्या. स्लॅब कमी तापला की भेगेची हालचालही कमी होते. खोलीही थंड राहते.

एक इशारा इतर वाचणाऱ्यांसाठी. होटगी रोड, विजापूर रोडकडं काळ्या मातीवर बसवलेली, पाया उथळ घेतलेली एकमजली घरं पुष्कळ आहेत. तिथल्या तिरक्या भेगा उन्हाळ्यात उघडतात आणि पावसाळ्यात मिटतात, कारण माती सुकली की आकसते आणि भिजली की फुगते. मे महिन्यात भेग सगळ्यात रुंद असताना कडक माल ठासून भरला तर पावसाळ्यात मिटायला जागा उरत नाही, कडा चेपून गिलावा उडतो. पावसाळ्यात अरुंद असताना भरली तर उन्हाळ्यात शेजारी नवी पडते. भेगेवर दोन पेन्सिलच्या खुणा करा, मधलं अंतर आणि तारीख भिंतीवरच लिहा, दर महिन्याला मोजा. निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा बघून ठरवा. तोवर सीलंटनं झाकून ठेवा.

भेग ५ मिमीहून रुंद असेल, भिंतीच्या आरपार असेल, विटांच्या सांध्यांतून पायरी-पायरीनं चढत असेल, दार घासायला लागलं असेल, किंवा कॉलम-बीममध्ये सळईच्या रेषेत तांबूस डागासह चीर असेल, तर फिलरच्या दुकानात न जाता स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

माळवदवाले

आमचंही जरा सांगा की. शुक्रवार पेठेत जुनं घर आहे. दगड-मातीच्या दोन फुटी भिंती, आतून चुन्याचा गिलावा, वर माळवद (मातीचं सपाट छप्पर). खालच्या अडीच फुटांत पोपडे आणि लोणा. मागं कुणीतरी तिथं सिमेंटनं गिलावा केला, तर आता लोणा त्याच्याही वर चढलाय. यावर कुठली पुट्टी?

चुन्याची_निवळी

कुठलीच नाही. सिमेंट, सिमेंट पुट्टी, अ‍ॅक्रिलिक, प्लॅस्टिक पेंट, यांतलं काहीही त्या भिंतीला लावू नका.

जुन्या भिंतीखाली ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी भिंत वर ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते वाफ होऊन बाहेर पडतं. सिमेंटनं खालची वाट बंद केली की पाणी सिमेंटच्या वरच्या कडेपर्यंत चढतं आणि तिथून बाहेर पडतं. तुमचा लोणा वर गेला तो असा. वर सिमेंट चुन्यापेक्षा कडक, म्हणून सुटताना आतल्या मातीचा खपलाही घेऊन येतं.

सिमेंटचा थर हलक्या हातानं उतरवा, छिन्नी भिंतीला समांतर धरा. सुटी माती झाडा, सांध्यांत दगडाच्या चिपा आणि चुन्याचा माल भरा. गिलाव्याला १ भाग चुना, अडीच ते तीन भाग चाळलेली वाळू. चुना पिशवीतला विझवलेला घेतला तर निदान एक दिवस पाण्यात मुरवा. कळीचा चुना घरी विझवणार असाल तर पाणी उकळून उडतं, चष्मा आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय जवळ जाऊ नका. डोळ्यात गेला तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा आणि थेट दवाखाना गाठा. विझल्यावर तो पाण्याखाली जितका जास्त मुरेल तितका माल लोण्यासारखा चालतो. मालात इंचभर कापलेला ताग मिसळा, आकसण्याच्या भेगा कमी पडतात.

एका हाताला ८-१० मिमीच. दुसरा हात पहिला पुरेसा आवळल्यावर, नखानं ओरखडा उठतो पण बोट रुतत नाही असं झाल्यावर. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो आणि त्याला तेव्हा ओलसरपणा लागतो. उन्हाळ्यात आठवडाभर सकाळ-संध्याकाळ फवारा आणि ओलं बारदान, नाहीतर भुगा होईल. म्हणून हे काम एप्रिल-मेमध्ये काढूच नका. दिवाळीनंतर काढा. शेवटी नीरूचा (बारीक गाळलेल्या चुन्याचा) १-२ मिमी हात आणि वर चुन्याची सफेदी.

खालच्या अडीच फुटांतला नवा गिलावाही काही वर्षांनी क्षार खाऊन पडेल. पडू द्या, तो त्यासाठीच असतो. भिंत वाचते आणि तेवढाच पट्टा पुन्हा करायचा. बाहेरून भिंतीला लागून काँक्रीटचा ओटा घातला असेल तर तो फूटभर मागं घ्या आणि पन्हाळीचं पाणी पायाशी पडू देऊ नका. एवढ्यानंच निम्मी ओल उतरते.

काळी_माती

याला जोड. शहराच्या पूर्व भागात घरातच किंवा भिंतीपलीकडं पॉवरलूम चालत असतील तर चुना असो वा सिमेंट, मागाच्या पायाखाली रबरी पॅड घातल्याशिवाय ताजा गिलावा धरणार नाही. निदान पहिले दोन-तीन दिवस माग बंद ठेवायला सांगा.

जुळेसोलापूरकर

सगळ्यांचे आभार. मीटर बघितला, रात्रभर हलला नाही. ट्रॅपची कड मोकळी निघाली, ती भरून घेतो. आता दोनच शंका. नव्या सिमेंटच्या ठिगळावर रंग कधी द्यायचा? आणि ठिगळं रंगातून दिसू नयेत म्हणून काय करू? आधी एका खोलीत केलं होतं तिथं संध्याकाळी दिवा लागला की सगळी ठिगळं उठून दिसतात.

थापी_रंधा

ठिगळाला सात दिवस पाणी, त्यानंतर निदान तीन आठवडे वाळू द्या. लॅटेक्सच्या मालाला पहिला दिवस ओलं बारदान, पुढं डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी. खाच आणि वायरिंग या आठवड्यात उरका, तुमच्या तारखेत बसतं. बाथरूममागचा तुकडा मात्र बसणार नाही. तिथं घाई केली तर ताज्या सिमेंटच्या अल्कलीनं रंग भाजतो, डाग पडतात. कार्यापुरतं त्या भिंतीला कपाट सरकवा आणि रंग जूनमध्ये द्या.

पट्टी_पॉलिशपेपर

ठिगळं दिसतात ती बहुतेक वेळा पातळीमुळं नाही, शोषणामुळं. पुट्टी रंग पिते, जुना डिस्टेंपर तेवढा पीत नाही, म्हणून तिथली झाक वेगळी पडते. ठिगळापुरता प्रायमर मारून भागत नाही. आधी ठिगळांना एक हात, तो वाळला की कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्ख्या भिंतीला एक हात.

प्रायमरनंतर अंधार करून टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा. जिथं सावली पडते तिथं पेन्सिलनं गोल करा, अ‍ॅक्रिलिक पुट्टीचा पातळ हात, ३२० नंबर, पुन्हा तेवढ्याला प्रायमर. हे रंगाआधीच करायचं.

रंग चमकदार घेऊ नका. मॅट इमल्शन उंच-सखलपणा झाकतं, सॅटिन तो दाखवून देतं. आणि एका भिंतीला एकच हत्यार : ठिगळावर ब्रश आणि बाकी रोलर असं केलंत तर पोत वेगळा पडतो, तो कितीही हात दिले तरी जात नाही.